निवड कोणी केली?

कपाशीच्या फुलात शिरलेली गुलाबी बोंडअळी पाकळ्यांची टोकं आतून धाग्यांनी शिवून टाकते. मग ते फूल उमलत नाही, पीळ घातल्यासारखं मिटून राहतं. विदर्भात त्याला डोमकळी म्हणतात. डोमकळ्या दिसल्या की तोडा आणि अळीसकट नष्ट करा, असं कृषी विभागाची पत्रकं सांगतात. सल्ला बरोबरच आहे. पण ते फूल बीटी कपाशीचं आहे, हे त्या पत्रकाच्या घाईत राहून जातं. त्यात अळी मारणारं प्रथिन आहे. अळी ते खाते आहे आणि जगते आहे. २००२ च्या खरिपात याच घासानं बहुतेक गुलाबी अळ्या मेल्या असत्या. पुढच्या पंधरा वर्षांत बियाण्याच्या पाकिटात एकदा बदल झाला, अळीत मात्र त्याहून मोठा झाला.

कीटक परिस्थितीशी जनुकांच्या पातळीवर कसे जुळवून घेतात, हा या पुस्तकाचा विषय. या विषयावरची पुस्तकं सहसा इंग्लंडातल्या एका पतंगापासून सुरू होतात. मँचेस्टरच्या कारखान्यांच्या धुरानं झाडांची खोडं काळवंडली, पांढुरका पतंग पाखरांच्या नजरेत भरू लागला, आणि १८४८ मध्ये तिथं पहिला काळा पतंग नोंदला गेला. पुढच्या पन्नास वर्षांत तिथं जवळजवळ सगळे काळेच उरले. हा काळेपणा एका जनुकात मध्येच येऊन बसलेल्या डीएनएच्या तुकड्यामुळे आला, हे २०१६ मध्ये सिद्ध झालं. तो तुकडा १८१९ च्या सुमारास बसला असावा असा हिशेबही शास्त्रज्ञांनी मांडला. गोष्ट सुरेख आहे. पण तो पतंग आणि ती झाडं मराठी वाचकानं सहसा पाहिलेली नसतात, आणि उत्क्रांती ही कुठेतरी लांब, कुणाच्या तरी बागेत घडलेली गोष्ट आहे असा समज त्यातून घट्ट होतो. म्हणून या पुस्तकाची सुरुवात यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातून केली आहे.

तालुक्याचं नाव केळापूर, कचेरी पांढरकवड्याला. नागपूर-हैदराबाद रस्ता तालुक्यातून जातो, दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण. एका अंगाला टिपेश्वरचं जंगल, जागोजागी कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे वस्त्या, आणि उरलेल्या बहुतेक जमिनीवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. वऱ्हाडाच्या जुन्या वणी जिल्ह्यातही केळापूर तालुका होता. १९०५ मध्ये जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं, तालुका तसाच राहिला. बाहेरच्या लोकांना पांढरकवडा माहीत झाला तो २०१८ मध्ये, नरभक्षक ठरवून मारलेल्या अवनी वाघिणीमुळे. तिच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. त्याच पट्ट्यात, त्याच काळात, नखाएवढ्या पतंगाच्या पिढ्यांमध्ये जे घडत होतं त्याची बातमी झाली ती फक्त नुकसानभरपाईच्या आकड्यांच्या रूपात.

गुलाबी बोंडअळीची शास्त्रीय ओळख भारतीय कपाशीवरूनच झाली. १८४२ मध्ये भडोचच्या सरकारी कापूस मळ्यातून काही नमुने इंग्लंडला गेले आणि विल्यम सॉन्डर्स यांनी त्यावरून तिचं वर्णन केलं. आज तिचं शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. पुढे ती सरकीत बसून जगभर फिरली. १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानातून गेलेल्या सरकीबरोबर ती इजिप्तमध्ये पोचली असं मानतात, १९११ मध्ये इजिप्तच्या सरकीबरोबर मेक्सिकोत, आणि १९१७ मध्ये टेक्सासात. तिला लांबवर उडण्याची गरजच पडली नाही, व्यापाऱ्यांनी तिला पोत्यांतून नेलं.

सरकीत बसणं हाच तिचा मोठा गुण. अंड्यातून निघालेली अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरल्याचं भोक लगेच बुजतं. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, आत अळी एका सरकीतून दुसरीत जाते. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. बोंड फुटल्यावर मात्र पिवळट, चिकटलेली कवडी हाती येते. वेचणारीचा वेळ जास्त जातो आणि व्यापारी भाव पाडतो. दिवस लहान आणि थंड झाले की काही अळ्या दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात झोपी जातात. ही सुप्तावस्था महिनोन्‌महिने टिकते. शेतातल्या वाळक्या बोंडांत, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या गंजीत, जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगात ती उन्हाळा काढते. हिरवी बोंडअळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते, जे मिळेल ते खाते. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशी खाते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

औषध लागू न पडणं हे कापूसवाल्यांना नवीन नव्हतं. १९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड आली तेव्हा एका फवारणीत अळ्या पटापट गळून पडत. १९८७ मध्ये आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम पट्ट्यात हिरव्या बोंडअळीनं ही औषधं निकामी केली, आणि पुढच्या काही वर्षांत तोच अनुभव इतरत्रही आला. डोस वाढवा, दोन औषधं एकत्र करा, मग तीन करा, असा क्रम सुरू झाला. तेव्हापासून गावोगाव एक वाक्य ऐकू येतं : अळीला औषधाची सवय झाली.

अळीला सवय होत नाही. विष खाऊन जगलेली अळी ही सरावलेली अळी नव्हे. ती जन्मापासूनच वेगळी असते. लाखो अळ्यांमध्ये एखादीच्या जनुकात, विषाशी काही संबंध नसताना, केवळ नक्कल उतरवतानाच्या चुकीमुळे, असा बदल आधीच झालेला असतो की ते विष तिच्यावर चालत नाही. एरवी या बदलाचा तिला काही फायदा नसतो, उलट थोडा तोटाच असतो. फवारणी झाली की बाकीच्या मरतात आणि मैदान तिच्या पिल्लांना मोकळं मिळतं. एकही अळी बदललेली नसते. अळ्यांची वस्ती बदललेली असते. हे समजायला सोपं आहे, पण मान्य करायला जड जातं. याचा अर्थ असा की औषध प्रतिकार निर्माण करत नाही, तो निवडून काढतं. आणि निवड करणारा हात पंप धरणाऱ्याचा, बियाणं विकणाऱ्याचा, परवानगी देणाऱ्याचा असतो.

हे कळून शंभर वर्षं उलटली. १९१४ मध्ये अमेरिकेत ए. एल. मेलँडर यांनी एक साधा प्रश्न विचारणारा निबंध लिहिला : कीटक फवाऱ्यांना दाद देईनासे होऊ शकतात का? सफरचंदावरच्या सॅन होजे खवले किडीवर चुना-गंधकाचं पाणी चालेना, हे त्यांच्या पाहण्यात आलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, आणि १९४६-४७ पर्यंत स्वीडन आणि इटलीतल्या घरमाश्या त्यातून वाचू लागल्या. आपल्या घरातली गोष्ट घ्यायची तर गोदामातल्या धान्याला फॉस्फिनच्या गोळ्यांची धुरी देतात. त्या वायूतून जगणारे किडे आता अनेक देशांत आहेत, आणि त्यांचा बदल पेशीच्या ऊर्जेशी निगडित अशा एका एन्झाइमच्या जनुकात आहे हे २०१२ मध्ये दाखवून दिलं गेलं. या सगळ्यांना पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत. इथं ओझरता उल्लेख पुरे.

बीटीची कथा मात्र सावकाश सांगायला हवी, कारण ती फवारणीची कथा नाही.

१९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता शिगेताने यांना रेशीमकिडे अचानक मारणारा एक जिवाणू सापडला. १९११ मध्ये एर्न्स्ट बर्लिनर यांना जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात, पिठातल्या पतंगाच्या अळीत, तोच मिळाला आणि त्यांनी त्याला प्रांताचं नाव दिलं : बॅसिलस थुरिंजेन्सिस, म्हणजे बीटी. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो, आतड्यातलीच पाचक द्रव्यं त्याला कातरून कामाचा आकार देतात, आणि मग तो आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतो. चिकटला की पेशीच्या आवरणाला भोकं पडायची प्रक्रिया सुरू होते. अळी खाणं थांबवते आणि मरते. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि हे विष पकडून ठेवणाऱ्या तशा जागा आपल्या आतड्यात नसतात, म्हणून आपल्याला त्याचं काही होत नाही. विष ही किल्ली आणि कॅडहेरिन हे कुलूप. अळीनं किल्ली मोडायचा प्रयत्न कुठेच केला नाही. ज्यांचं कुलूपच जन्मतः बिघडलेलं होतं, त्या मागे राहिल्या.

या जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं बियाणं भारतात २६ मार्च २००२ रोजी मंजूर झालं. जालन्याच्या महिकोचे तीन संकरित वाण, त्यात क्राय१एसी हे एक प्रथिन. त्याआधी २००१ मध्येच गुजरातेत नवभारत १५१ नावाचं बियाणं उघडकीला आलं होतं. त्यात हे जनुक परवानगीशिवाय आलं होतं. म्हणजे गुजरातच्या अळ्यांची परीक्षा सरकारी मुहूर्ताआधीच सुरू झाली होती. २००६ मध्ये दुसरी पिढी आली : क्राय१एसीच्या जोडीला क्राय२एबी. दोन वेगळी कुलुपं, दोन वेगळ्या किल्ल्या. दोन्ही कुलुपं बिघडलेली अळी सापडणं फारच दुर्मीळ, असा त्यामागचा तर्क.

बीटी कपाशीनं सुरुवातीला काम केलं नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. हिरव्या बोंडअळीसाठी हंगामात पुन्हापुन्हा फवारे मारणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्या काही वर्षांत जो मोकळा श्वास मिळाला तो खरा होता. म्हणूनच दहाएक वर्षांत देशातल्या ९० टक्क्यांहून अधिक कापसाच्या क्षेत्रावर हेच बियाणं गेलं. कुणी बंदूक रोखली नव्हती. संकट त्या यशातच होतं. गुलाबी अळीला आता खायला दुसरं काही उरलं नाही.

इथं थोडं गणित लागतं, घाबरण्यासारखं नाही. प्रत्येक अळीकडे कॅडहेरिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असली तर कुलूप तयार होतंच आणि अळी मरते. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच ती वाचते. म्हणजे प्रतिकाराचा हा गुण अप्रभावी आहे. समजा बीटीच्या शेतातून अशी एक दुहेरी बिघाडाची मादी पतंग होऊन बाहेर पडली. शेजारी साध्या कपाशीच्या ओळी असतील तर तिथून हजारो साधे नर उडालेले असतील, आणि तिची गाठ त्यांच्यापैकीच कुणाशी तरी पडण्याची शक्यता जास्त. त्यांच्या पिल्लांकडे एकच बिघडलेली प्रत येते, आणि ती बीटीवर मरतात. साध्या कपाशीच्या या पट्ट्यालाच रेफ्युजी म्हणतात. शत्रूच्या वाढीला जाणूनबुजून राखून ठेवलेली जागा. शेतकऱ्याला सांगायला याहून अवघड गोष्ट नसेल.

भारतात नियम होता : क्षेत्राच्या २० टक्के किंवा कडेच्या पाच ओळी, जे जास्त असेल ते. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी मिळायची. ती पुडी बहुतेक ठिकाणी बांधावरच राहिली. याचा सगळा दोष शेतकऱ्यावर टाकण्याची पद्धत आहे आणि मला ती पटत नाही. चार-पाच एकर कोरडवाहू रान असलेल्या माणसानं त्यातलं पाचव्या हिश्शाचं रान अळीला वाढायला द्यावं, आणि त्याचा फायदा मात्र साऱ्या तालुक्याला मिळावा, ही अपेक्षा कागदावरच शोभते. सगळ्यांनी मिळून पाळायचा नियम एकेकट्याच्या पुडीत घालून दिला, आणि तो पाळला जातो की नाही ते पाहायला कुणी नव्हतं.

केळापूरच्या शेतांनी न सांगता एक प्रयोगही करून ठेवला. इथं कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ असते, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हिरव्या बोंडअळीला ती तूर, नंतरचा हरभरा, बांधावरचं तण हे सगळं बीटीविना मिळतं. म्हणजे तिची रेफ्युजी आपोआप लावली जाते. गुलाबी अळीला त्या तुरीचा काही उपयोग नाही. एकच शेत, एकच बियाणं, एकच विष, दोन अळ्या. वीस वर्षांनंतर हिरवी अळी बीटी कपाशीवर अजून मोठा उच्छाद मांडू शकलेली नाही. गुलाबीनं दोन्ही प्रथिनं पचवली. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडायचा म्हटलं तरी इतका स्वच्छ तुलनात्मक प्रयोग मांडता आला नसता.

पण रेफ्युजी एवढंच कारण सांगून थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कपाशीचे सरळ वाण लावले गेले, ज्यांचं बी शेतकरी ठेवू शकतो. भारतात बीटी जनुक जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांतून आलं, कारण संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते, दुसऱ्या पालकाकडून काही नाही. अशा झाडाच्या बोंडातल्या सरक्या सारख्या निघत नाहीत. दोन जनुकांच्या वाणात सोळा सरक्यांमागे साधारण नऊंत दोन्ही प्रथिनं, तिनांत पहिलं, तिनांत दुसरं आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी नेमकी सरकी खाणारी. एका बोंडात तिला बिनविषारी घास मिळतो, अर्ध्या विषाचा घास मिळतो, आणि एकच बिघडलेली प्रत असलेली अळीदेखील, जी मरायला हवी होती, ती तगून जाते. रेफ्युजीचं सगळं गणित ज्या गृहीतकावर उभं, तेच इथं ढासळतं.

त्यात हे संकरित वाण लांब मुदतीचे, १८० दिवस आणि त्याहून जास्त. झाड जून झालं की पानांतलं आणि बोंडांतलं बीटी प्रथिन कमी होत जातं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००५ च्या सुमारासच मोजून दाखवलं होतं. आणि जिथं विहिरीला थोडं पाणी आहे तिथं फरदड. मुख्य वेचणी संपल्यावर पऱ्हाटी न उपटता एखाद-दुसरं पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत कापूस काढत राहायचं. दोन-चार क्विंटलांचा सवाल असतो आणि घरात त्या वेळी दुसरी आवक नसते. अळीच्या बाजूनं पाहिलं तर फरदड म्हणजे उपासाच्या दिवसांत वाढलेलं ताट, आणि तेही कमी विषाचं. एरवी हंगामात तीन-चार पिढ्या झाल्या असत्या, तिथं जास्तीच्या पिढ्या झाल्या. निवडीची चाळणी तितक्या जास्त वेळा फिरली.

निकाल लागायला फार वेळ गेला नाही. २००८ मध्ये गुजरातच्या अमरेलीतून गोळा केलेल्या अळ्या क्राय१एसी खाऊन जगल्या. २०१० मध्ये हे जनुक विकणाऱ्या कंपनीनंच अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत प्रतिकार आढळल्याचं जाहीर केलं. तेव्हा उत्तर तयार होतं : दोन जनुकांचं बियाणं घ्या. पण पहिलं कुलूप आधीच बिघडलेल्या वस्तीपुढे दोन जनुकांचं बियाणं म्हणजे प्रत्यक्षात एकाच जनुकाचं बियाणं. २०१० ते २०१७ या काळात नागपूरच्या संस्थेनं राज्याराज्यांतल्या बोंडांतून अळ्या काढून तपासल्या, आणि काही वर्षांतच मध्य आणि दक्षिण भारतातल्या अळ्यांवर दोन्ही प्रथिनं चालेनाशी झाल्याचं दिसून आलं.

जनुकशास्त्राच्या दृष्टीनं खरी मेजवानी पुढे आहे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या अळ्यांमध्ये कॅडहेरिनच्या बिघाडाचे मोजकेच प्रकार सापडले होते. भारतातल्या अळ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आठ नवे, एकमेकांपासून वेगळे बिघाड निघाले. शिवाय जनुकाचा संदेश वाचताना त्याचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेनं जोडले जाऊन एकूण एकोणीस प्रकारचे संदेश तयार होत होते. याचा अर्थ प्रतिकार एका ठिकाणी जन्मून सगळीकडे पसरला, असं साधं चित्र नाही. अळ्यांची संख्याच इतकी अफाट, आणि बीटीचं क्षेत्र इतकं सलग, की तोच प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणच्या अळ्यांनी वेगवेगळ्या चुकांनी सोडवला. क्राय२एबीच्या बाबतीतही, पेशीच्या आवरणातून पदार्थ वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक बिघडलं की अळी वाचते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. उत्क्रांतीला डोळे नसतात हे आपण पाठ केलेलं असतं; आठ वेगवेगळे बिघाड शेजारी शेजारी मांडून पाहिले की ते पटतं.

२०१७ चं वर्ष यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. नंतर त्याच हंगामात बोंडं फोडली तर आत गुलाबी अळ्या. सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी झाली ती बरी, पुढच्या वेचण्यांना कवडीच. नोव्हेंबर-डिसेंबरात लोकांनी उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर घातले, ढोरं सोडली. या दोन घटना एकमेकींना जोडून बीटी फसलं म्हणून माणसं मेली असं सांगणं सोपं आहे, आणि अनेकांनी ते सांगितलं. तारखा पाहिल्या तर विषबाधेचा कहर मुख्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबरचा, त्या फवारण्यांत रसशोषक किडींवरच्या फवारण्याही होत्या, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि दोन-तीन औषधांची मिश्रणं मारली जात होती. गुलाबी अळीचं खरं स्वरूप उघडलं ते नंतर. नातं आहे, पण ते भीतीचं आहे : बियाण्यावरचा विश्वास उडालेला माणूस पंप जास्त वेळा पाठीवर घेतो.

दुसऱ्या टोकाला ॲरिझोना आहे. तिथं १९९६ पासून बीटी कपाशी आहे, अळी तीच. शेतकऱ्यांनी रेफ्युजी पाळली, अळ्यांच्या डीएनएत बिघडलेल्या प्रती किती वाढतात यावर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं नजर ठेवली, आणि २००६ पासून विमानांतून नपुंसक केलेले पतंग अब्जावधींच्या संख्येनं सोडले. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या कृषी खात्यानं मुख्य भूमीवरच्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. यवतमाळच्या २०१७ नंतर अवघ्या वर्षभरात. ॲरिझोनाच्या शेतकऱ्याकडे शेकडो एकर, सिंचन आणि संघटना असते हे खरं, म्हणून ही तुलना अन्यायाची वाटू शकते. मग चीन घ्यावा. यांगत्सेच्या खोऱ्यात रान आपल्यासारखंच तुकड्यातुकड्याचं. तिथल्या शेतकऱ्यांनी बीटी आणि साध्या वाणाच्या संकराचं दुसऱ्या पिढीचं बी लावायला सुरुवात केली, ते स्वस्त पडत होतं म्हणून. त्या बियाण्यात चौथा हिस्सा झाडं आपोआप बीटीविना निघतात. कुणी नियम न करता शेतात रेफ्युजी पसरली, आणि प्रतिकार मागे हटल्याचं २०१७ मध्ये नोंदलं गेलं. आपल्याकडेही पुढे पाकिटातच थोडं नॉन-बीटी बी मिसळून द्यायला सुरुवात झाली. पण ते आलं तेव्हा अळीचं काम झालेलं होतं.

मध्येच एक खुलासा. यवतमाळात चोरबीटी म्हणून जे विनापरवाना बियाणं खपतं, त्यातलं जादा जनुक तणनाशक सहन करण्याचं आहे. त्याचा बोंडअळीशी काहीही संबंध नाही. निंदणाच्या मजुरीत बचत होते म्हणून लोक ते घेतात, त्यांचं कारण त्यांच्यापुरतं खरं आहे. पण अळी येत नाही असं सांगून कुणी ते विकत असेल तर तो फसवतो आहे.

आज केळापुरात या अळीशी जे झुंजणं चालतं त्यात जनुक कमी आणि कॅलेंडर जास्त आहे. मादीच्या गंधाची नक्कल भरलेले कामगंध सापळे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय. फरदड नको, पऱ्हाट्यांची गंजी शेतात नको, जिनिंगच्या आवारात सापळे. कमी मुदतीचे वाण दाट लावून डिसेंबरपर्यंत रान मोकळं करायचं, असा नागपूरच्या संस्थेचा बऱ्याच वर्षांचा आग्रह. आणि जूनच्या आधी पेरणी नको. शेवटच्या सूचनेमागे एक छान विचार आहे. सुप्तावस्थेतून जागे झालेले पतंग मे-जूनमध्ये बाहेर येतात. त्या वेळी शेतात पात्या-फुलं नसली तर अंडी घालायला जागा मिळत नाही आणि ती पिढी वाया जाते.

या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण इथूनच सुरू होतं. सगळे पतंग एकाच आठवड्यात जागे होत नाहीत. काही लवकर, काही फार उशिरा, आणि कधी जागं व्हायचं हे कीटकांत पुष्कळ अंशी आनुवंशिक असतं. उत्तर अमेरिकेत कलशपर्णीच्या पेल्यातल्या पाण्यात वाढणाऱ्या एका डासाचा अभ्यास विल्यम ब्रॅडशॉ आणि क्रिस्टिना होल्झॅप्फेल यांनी अनेक वर्षं केला. हिवाळा उशिरा येऊ लागला तसा १९७२ ते १९९६ दरम्यान तो डास झोपायला जाण्याची वेळ पुढे ढकलत गेला, आणि हा फरक जनुकांतला होता. दिवसाची लांबी मोजणारं त्याचं घड्याळच सरकलं होतं. आता केळापुरात सगळ्या तालुक्यानं दरवर्षी उशिरा पेरलं तर लवकर जागे होणारे पतंग उपाशी मरतील, ठरल्याप्रमाणेच. उशिरा जागे होणाऱ्यांना मात्र पात्या मिळतील, आणि पुढच्या वर्षीच्या अळ्या त्यांच्याच पोटच्या असतील. यासाठी उशिरा पेरणी सोडून द्यावी असं मी म्हणत नाही. सध्या तिच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. फक्त पतंग कोणत्या तारखांना किती निघतात याची नोंद दरवर्षी व्हायला हवी, आणि त्यासाठी सापळे पीक उभं राहण्याची वाट न पाहता एप्रिलमध्येच, नांगरलेल्या रिकाम्या रानांत आणि पांढरकवड्याच्या जिनिंगांच्या आवारात लागायला हवेत.